सहावीचे वर्ष आणि घरची शाळा

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापली जातात. त्यांचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. परंतु सहावीतल्या मुलाकडे कोणाचेच लक्ष नसते. चौथीपर्यंत तो लहान म्हणून लाडका, आठवीपासून पुढे ‘आता दहावी आली’ म्हणून धाकात. मधली दोन-तीन वर्षे कशी निघून जातात ते आईवडिलांनाही सांगता येत नाही. या वर्षी संपादक मंडळाने ‘विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे काही लिहा’ असे आम्हांस सुचविले तेव्हा आम्ही मुद्दाम सहावीचा विषय घेतला. आम्ही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरमागे उमेदीची वर्षे घालविलेले आम्ही एक कारकून आहोत. तेव्हा जे वाचले, जे पाहिले आणि रविवारच्या अभ्यासवर्गात जे करून पाहिले, तेवढेच येथे मांडतो.

या विषयाला निमित्त झाली आमची पुतणी. आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त अमेरिकेत असतात. सुट्टीत ते सहकुटुंब आले असता बोलता बोलता असे निघाले की त्यांची बारा वर्षांची मुलगी शाळेत जातच नाही. तिची आई तिला घरी शिकविते. आमच्या आईने हे ऐकले आणि तिचा चेहरा उतरला. ‘काय झालं गं पोरीला? नाव काढून टाकलं का शाळेतून?’ असे ती पुन्हा पुन्हा विचारू लागली. घरी शिकणे ही काही शिक्षा नव्हे, तिकडे हजारो कुटुंबे स्वेच्छेने तसे करतात, हे तिला पटविताना बंधूंची पुरेवाट झाली. आईचा तो प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. त्याकडे पुढे यायचेच आहे.

पुतणीच्या सामानात चार मोठ्या वह्या होत्या. त्यांना ओळी नव्हत्या. प्रत्येक पान तिने स्वतः आखलेले, स्वतः लिहिलेले, कडेने रंगीत पेन्सिलींनी काठ काढलेला. एक वही रोमच्या इतिहासाची, एक नादाची, एक भूमितीची आणि एक व्यवहारगणिताची. छापील पाठ्यपुस्तक मुलीच्या हाती दिलेलेच नव्हते. वर्षाअखेरीस या वह्या हेच तिचे पाठ्यपुस्तक. सोबत तिने शिवलेला कापडी हत्ती आणि लाकूड तासून केलेला एक डाव. आमचा मुलगा तिच्याच वयाचा, सहावी मराठी माध्यम. त्याच्याकडे पाठ्यपुस्तके होती, मार्गदर्शक होते, शिकवणीच्या झेरॉक्स होत्या. पण वर्षभरात त्याने स्वतः केलेली आणि पाहुण्यांना दाखवावीशी वाटेल अशी एकही वस्तू नव्हती. तो भूमितीची वही घेऊन खिडकीत बसला तो जेवायलाही उठेना. कंपासपेटीतला कंपास त्याने तोवर बाकावर नाव कोरण्यापुरताच वापरला होता.

हा अभ्यासक्रम आला कोठून याचा शोध घेतला तेव्हा आश्चर्य वाटले. कोणाही सुखवस्तू पालकाला वाटेल की ही श्रीमंतांची हौस. मूळ अगदी उलटे आहे. जर्मनीतील स्टुटगार्ट शहरी वाल्डॉर्फ-अॅस्टोरिया नावाचा सिगारेटचा कारखाना होता. पहिले महायुद्ध नुकतेच संपलेले, देश हरलेला, कामगारवर्ग अस्वस्थ. कारखान्याचे संचालक एमिल मोल्ट यांनी रुडॉल्फ स्टायनर (१८६१-१९२५) या ऑस्ट्रियन विचारवंताला १९१९ च्या एप्रिलमध्ये कामगारांपुढे बोलावयास आणले आणि त्यातून कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढण्याचे ठरले. ७ सप्टेंबर १९१९ रोजी शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षीच्या अडीचशेच्या आसपास मुलांतली बहुसंख्य मुले तंबाखू कामगारांची होती. त्या काळी तिकडे कामगाराच्या मुलाची वाट लहानपणीच वेगळी पडे. प्राथमिक शाळा संपली की कामाला जुंपायचे. या शाळेत कामगाराचा मुलगा आणि साहेबाचा मुलगा, मुले आणि मुली, एकाच वर्गात बसत आणि सर्वांना एकच अभ्यासक्रम. मुलगे लोकरीचे विणकाम शिकत आणि मुली सुतारकाम. १९३८ मध्ये नाझी राजवटीत ती शाळा बंद पाडण्यात आली. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये पुन्हा उघडली. पुढे ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडेही गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हैदराबाद, मुंबई आदी शहरांत अशा शाळा निघाल्या.

घरी शिकणाऱ्या मुलांपर्यंत हा अभ्यासक्रम पोहोचला तो अमेरिकेत. १९७५ साली कॅलिफोर्नियात लॉरेन्स आणि बॉनी विल्यम्स या दांपत्याने ‘ओक मेडो’ नावाची संस्था काढली आणि वाल्डॉर्फच्या प्रेरणेने तयार केलेले पाठ टपालाने घरोघरी पाठविण्यास सुरुवात केली. १९९३ पर्यंत घरी शिकविणे अमेरिकेच्या सर्व राज्यांत कायदेशीर झाले. गंमत अशी की ज्या जर्मनीत हा अभ्यासक्रम जन्मला तेथे आजही मुलाला शाळेत न घालता घरी शिकविण्यास कायद्याने मनाई आहे.

आता अभ्यासक्रमाकडे वळू. रोज सकाळी दोन तासांच्या आसपास एकच ‘मुख्य पाठ’, आणि तोही तीन-चार आठवडे सलग एकाच विषयाचा. तीन आठवडे नाद म्हणजे नादच. नंतर तो विषय बाजूला ठेवून भूमिती. आपल्या शाळांत पस्तीस मिनिटांची तासिका. इतिहासातून विज्ञानात, विज्ञानातून इंग्रजीत मूल दिवसभर घंटेबरोबर उड्या मारते. येथे ते एका विषयात मुरते. दुसरी गोष्ट, आज पाहिलेले आज लिहायचे नाही. आज प्रयोग पाहायचा, त्यावर रात्रीची झोप घ्यायची, उद्या सकाळी ‘काल काय पाहिले’ ते तोंडी सांगायचे, मग त्यामागचा नियम शोधायचा आणि सर्वांत शेवटी वहीत लिहायचे व चित्र काढायचे. आपल्याकडे व्याख्या आधी येते आणि प्रयोग बहुधा येतच नाही. दुपारी हातकाम, बागकाम, वाद्य, चित्र. कला हा वेगळा तास असतोच, पण गणिताची वहीदेखील चित्राच्याच निगुतीने होते.

सहावीलाच काय विशेष? स्टायनर यांचे म्हणणे असे की बाराव्या वर्षाच्या सुमारास मूल कारणे विचारू लागते. तोवर त्याला गोष्ट पुरते. आता ‘असे का?’ हा प्रश्न त्याच्या मनात उठतो, आणि ‘हे न्यायाचे आहे का?’ हाही. म्हणून याच वर्षी पदार्थविज्ञान सुरू होते, याच वर्षी पट्टी-कंपास घेऊन काटेकोर भूमिती, याच वर्षी खडक व खनिजे, याच वर्षी कोळशाने काळ्या-पांढऱ्या छायेची चित्रे, आणि इतिहासात कायद्याचा देश म्हणून रोम. खडकांच्या पाठाविषयी फार लिहीत नाही. एवढेच की आपल्याकडे त्यासाठी ग्रॅनाइट शोधत फिरण्याची गरज नाही, पायाखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे आणि आपली लेणी त्यातच खोदलेली आहेत.

रोमच्या पाठात मात्र आम्ही गुंतलो. पॅट्रिशियन म्हणजे उच्चकुलीन आणि प्लेबियन म्हणजे सामान्य जन. कायदा लिहिलेला नव्हता. तो उच्चकुलीनांच्या, त्यांच्यातल्या पुरोहितांच्या स्मरणात होता. ते सांगतील तो न्याय. परंपरेने सांगितलेला इतिहास असा की इ. स. पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन शहर सोडून बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले. जगातला हा एक जुना संपच. त्यांना आपले प्रतिनिधी, ट्रिब्यून, निवडण्याचा हक्क मिळाला. इ. स. पू. ४५१-४५० मध्ये कायदा बारा पाट्यांवर लिहून भर चौकात लावण्यात आला. परंतु त्या लिखित कायद्यातच पॅट्रिशियन-प्लेबियन विवाहाला बंदी होती! ती बंदी इ. स. पू. ४४५ च्या कानुलेयसच्या कायद्याने उठली. ज्या मुलाच्या घरात मिश्रविवाहावरून कधीतरी आवाज चढलेला आहे, त्याला हा धडा कोणी समजावून सांगावा लागत नाही. लाहोरच्या अधिवेशनासाठी लिहिलेल्या आणि होऊ न शकलेल्या १९३६ च्या प्रसिद्ध भाषणात बाबासाहेबांनी रोमच्या प्लेबियनांचा दाखला दिलेला आहे. अमेरिकेतली आमची पुतणी आणि कोलंबियात शिकलेले बाबासाहेब एकाच प्रसंगापाशी थांबतात, याचे आम्हांला फार बरे वाटले.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. अभ्यासक्रम घ्यावा, पण त्यामागचे सगळे तत्त्वज्ञान डोळे मिटून घेऊ नये. स्टायनर हे ‘अँथ्रॉपॉसॉफी’ नावाच्या गूढवादी मताचे प्रवर्तक. त्यात पुनर्जन्म आहे, पूर्वकर्माचा हिशेब आहे. आणि माणसाची आजची स्थिती त्याच्या पूर्वजन्मीच्या कर्माने ठरते हे सांगणाऱ्यांचे आपण काय अनुभवले आहे ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. त्यांच्या लेखनात मानववंशांची उतरंड लावणारी विधानेही आहेत. यावर खुद्द त्या शाळांतूनच पुष्कळ चर्चा झाली आणि जर्मनीतल्या वाल्डॉर्फ शाळांच्या संघाने २००७ साली स्टुटगार्ट येथे जाहीरनामा काढून सर्व प्रकारच्या वंशभेदाचा निषेध केला. विज्ञानातही प्रकाशाच्या पाठात न्यूटनपेक्षा कवी गटे यांच्या रंगविचाराला झुकते माप असते. तेव्हा चाळणी हातात ठेवूनच हे धान्य घ्यावे. पण चाळून जे उरते ते पुष्कळ आहे.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. ‘नाव काढून टाकलं का शाळेतून?’ आमच्या आजोबांना वर्गाबाहेर बसवून शिकविले गेले. बाबासाहेबांना साताऱ्याच्या शाळेत बसायला गोणपाट घरून न्यावे लागे. ज्यांनी शाळेच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी दोन पिढ्या खर्च केल्या, त्यांनी आता आपण होऊन मुलाला त्या दाराबाहेर काढावे काय? बंधूंशी या मुद्द्यावर आमचा बराच वाद झाला. त्यांचे म्हणणे, ‘दादा, शाळेत बसायला मिळणे हा हक्क झाला, पण शाळेत जे मिळते त्यावर समाधान मानणे हे कर्तव्य थोडेच आहे?’ हे म्हणणे चुकीचे नाही. आपल्याकडे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत शाळेत न जाताही दहावीची परीक्षा देता येते, तीही सरकारमान्य आहे. मग अडते कोठे?

आमच्या मते दोन ठिकाणी. एक म्हणजे घरची शाळा चालविण्यासाठी घरातला एक माणूस दिवसभर मोकळा लागतो, आणि तो माणूस म्हणजे बहुधा आई. आमच्या वहिनी, म्हणजे भावजय, एम.एस्सी. आहेत, मुलीसाठी त्यांनी नोकरी सोडली. आपल्या वसाहतीत धुणीभांडी, अंगणवाडी, नगरपालिकेची सफाई, नर्सिंग अशी कामे करणाऱ्या आया आहेत. त्यांनी कमाई सोडावी असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. दुसरे असे की शाळा केवळ शिकण्याची जागा नाही. तेथे आपले मूल दुसऱ्यांच्या मुलांशेजारी बसते. त्या शेजारी बसण्यासाठीच तर लढा झाला. ते आपण होऊन सोडणे आम्हांला मान्य नाही. स्टुटगार्टच्या त्या पहिल्या शाळेचेही खरे मोल हेच होते की कामगाराचे पोर साहेबाच्या पोराशेजारी बसले. घरोघरच्या वेगळ्या शाळांत नेमके तेच नाहीसे होते.

म्हणून आम्ही मधला मार्ग काढला. शाळा सोडायची नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यासक्रम रविवारी सकाळी दोन तास मंडळाच्या सभागृहात चालवायचा. सहावीची नऊ मुले-मुली जमली. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर सुरुवात फसली. पहिल्या तीन रविवारी आम्ही रोमवर व्याख्यान दिले. चौथ्या रविवारी चार मुले उरली, त्यांतला एक आमचाच. चूक कळली ती एका मुलीने सांगितली तेव्हा. ‘काका, तुम्हीच बोलता. आम्ही काय करायचं?’ वह्या पाहून भारावलेलो आम्ही, आणि हाताला काम देण्याचेच विसरलो होतो.

मग भूमितीपासून आरंभ केला. येथे विद्यार्थी मित्रांसाठी तो पाठ थोडक्यात देतो. कागद-कंपास घेऊनच वाचावा. एक वर्तुळ काढा. कंपासचे अंतर न बदलता परिघावर एका बिंदूवर टोक ठेवून पुढची खूण करा, त्या खुणेवर टोक ठेवून त्यापुढची. बरोबर सहा खुणांत तुम्ही पहिल्या बिंदूवर परत येता. ना कमी, ना जास्त. असे का? कारण केंद्र आणि शेजारच्या दोन खुणा जोडल्या तर तिन्ही बाजू त्रिज्येएवढ्याच, म्हणजे समभुज त्रिकोण; त्याचा कोन ६० अंश, आणि सहा वेळा ६० म्हणजे ३६०. आता प्रत्येक कंस कंपासनेच दुभागा: बारा भाग झाले. पुन्हा दुभागा: चोवीस. केंद्रापासून रेषा ओढा. राष्ट्रध्वजावरचे अशोकचक्र कोनमापक न वापरता तुमच्या हाताने तयार झाले. दोन आऱ्यांमधला कोन १५ अंश. मुलांनी रोज पाहिलेले ते चक्र त्या दिवशी त्यांच्या वहीत स्वतःचे म्हणून आले. काही जणांची चक्रे वाकडी झाली, कारण कंपासचा स्क्रू ढिला. दुसऱ्या रविवारी मुले स्वतःच घट्ट करून आणली. सोडून गेलेली मुले त्यानंतर परत आली.

आणि मग आमचा हक्काचा विषय: व्याज. १९१९ साली स्टायनर यांनी शिक्षकांना सहावीसाठी जे गणित सुचविले त्यात शेकडेवारी, व्याज, सूट आणि हुंडीचे हिशेब आहेत, आणि त्यातूनच बीजगणिताकडे जावे असे म्हटले आहे. आपल्या बालभारतीच्या २०१६ सालच्या सहावीच्या पुस्तकातही ‘बँक व सरळव्याज’ हा पाठ आहे. म्हणजे वय तेच, विषयही तोच. फरक एवढाच की आपल्याकडे मुद्दल, दर, वर्षे दिलेली असतात आणि मूल आकडे सूत्रात भरते. काउंटरवर रोज दिसते ते वेगळेच. पदवीधर माणूस कर्जाच्या कागदावर दहा ठिकाणी सही करतो आणि दर विचारीत नाही, फक्त हप्ता विचारतो. आमच्याकडेही आता व्याज संगणक काढतो, आणि कारकुनाचाही हात मोडत चालला आहे.

आम्ही मुलांना पहिला प्रश्न घातला तो गावच्या भाषेत. ‘शेकड्याला तीन रुपये’ म्हणजे किती? ‘तीन टक्के’ असे सगळ्यांनी सांगितले. तीन टक्के खरे, पण दरमहा. दहा हजारांना महिन्याला ३०० आणि वर्षाला ३,६०० रुपये. म्हणजे वर्षाला ३६ टक्के. एक मुलगा गप्प झाला. घरी आईने कोणाकडून तरी असेच पैसे घेतले होते. पुढच्या रविवारी त्याने हिशेब करून आणला होता: दोन वर्षांत मुद्दलाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक व्याज भरून झाले आणि मुद्दल जागच्या जागी. त्या माऊलीने नंतर आमच्या घरी येऊन विचारपूस केली आणि बचत गटाकडून कमी दराने पैसे उचलून ते देणे फेडले. सहावीच्या गणिताने एका घरात एवढे केले.

दुसरा प्रश्न त्याहून फसवा. १२,००० रुपये कर्ज, बारा महिने, ‘फ्लॅट’ १२ टक्के. व्याज १,४४०. दरमहा हप्ता १,१२०. ठीक वाटते. आता मुलांना बारा ओळींचा तक्ता आखायला लावला: दरमहा १,००० मुद्दल फिटत गेले तर शिल्लक किती? पहिल्या महिन्यात १२,०००, मग ११,०००, अशी शेवटी १,०००. या बारा शिलकांची बेरीज ७८,०००. महिना एक टक्का दराने घटत्या शिलकीवर व्याज फक्त ७८० रुपये. म्हणजे ज्याने १,४४० भरले त्याने बारा टक्के समजून प्रत्यक्षात बावीस टक्क्यांच्या आसपास भरले. दर तोच सांगितला, पण पैसे हाती नसताना त्यांचेही व्याज घेतले. बारा वर्षांच्या मुलाला येथे ‘हे न्यायाचे आहे का?’ हा प्रश्न विचारावा लागला नाही. त्याने तो स्वतः विचारला. स्टायनर यांचे एवढे म्हणणे खरे आहे.

या पाठाचा शेवट आम्ही नाशकात केला. पहाटेच्या गाडीने कल्याणहून नाशिकरोड, तेथून त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. पायऱ्या चढून गेल्यावर दहाव्या क्रमांकाचे लेणे लागते. ते क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने दान केलेले. ओवरीतल्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत त्याचा लेख कोरलेला आहे; सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. आणि त्या लेखात काय आहे? बँकेची मुदत ठेव आहे! उषवदाताने तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजार एका श्रेणीकडे, शेकडा दरमहा एक या व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा दरमहा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे.

मुलांना आम्ही तेथेच ओवरीत बसविले आणि म्हटले, दगडावरचा हिशेब बरोबर आहे का ते तपासा. दोन हजारांना महिन्याला २०. बारा महिन्यांत २४०. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा: २४०. एक कार्षापणाचाही फरक नाही. एक मुलगी उठून त्या भिंतीजवळ गेली आणि अक्षरे बोटाने हवेत गिरवू लागली (भिंतीला हात लावायचा नाही असे आधीच बजावले होते). कारकुनी करताना ताळेबंद जुळल्याचा आनंद आम्ही पुष्कळदा घेतला आहे. तो एकोणीसशे वर्षे जुन्या खात्याच्या बाबतीत घेण्याचा योग पहिलाच. आणि ठेव कोणाकडे, तर विणकरांकडे. कष्ट करणाऱ्यांच्या संघाकडे राजाचा जावई विश्वासाने पैसे ठेवतो आणि त्यांच्या शब्दावर भिक्खूंची वस्त्रे चालतात, हे पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या ओळीने कळले असते?

परत आल्यावर प्रत्येकाने आपल्या वहीत दोन समोरासमोरची पाने केली. डाव्या पानावर ब्राह्मीत आपले नाव आणि लेण्याच्या खांबाचे कोळशाने काढलेले चित्र; उजव्या पानावर ठेवीचा हिशेब. एका मुलाने विणकर श्रेणीचे पासबुकच काढले, पहिली नोंद जमा दोन हजार. रोमचाही धागा येथे जुळला: कार्ल्याच्या चैत्यात यवनांनी दिलेल्या खांबांचे लेख आहेत आणि सोपारा, कल्याण या बंदरांची नावे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतील व्यापारी वर्णनात येतात. ज्या स्थानकावरून आपण रोज लोकल पकडतो ते नाव त्यात आहे म्हटल्यावर रोमसुद्धा मुलांना परके राहिले नाही. जो रोम व्याख्यानाने मेला होता तो असा मागल्या दाराने आला.

एक हजारांच्या दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे व्याज किती, ते आम्ही येथे सांगत नाही. सहावीच्या विद्यार्थ्यांनी काढून वर्गात दाखवावे.

पुतणीला हे सगळे पत्राने कळविले. तिचे उत्तर आले त्यात तिने ओळ न आखलेल्या कागदावर चोवीस आऱ्यांचे चक्र काढून पाठविले आहे आणि विचारले आहे की तुमच्या वर्गात किती मुले आहेत, मी एकटीच आहे. आमच्या मुलाने ते पत्र कंपासपेटीत ठेवले आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा सुरू होईल. वेळ रविवारी सकाळी नऊ ते अकरा, मंडळाचे सभागृह. पुढचा विषय नाद हा आहे. एकतारीची तार निम्म्यावर दाबली की तार षड्ज मिळतो आणि दोन-तृतीयांशावर पंचम, हे मुलांनी कानाने ऐकून आणि पट्टीने मोजून पाहायचे आहे. ताणलेल्या फुग्याच्या रबरावर रवा पसरून जवळून सूर लावला की कण कसे उडतात तेही पाहायचे आहे. एकतारी मिळाली आहे. ज्यांच्या घरी ढोलकी आहे त्यांनी ती आणावी. आपल्या वसाहतीत ती कोणाकडे मागावी लागेल असे वाटत नाही. वही कोऱ्या कागदांची असावी. कंपासचा स्क्रू घट्ट करून आणावा.